शेंदराखालचा बाण

बाबांची मोटरसायकल मला नुसती दुरुस्त करायची नव्हती, पूर्ववत करायची होती. या दोन गोष्टींतला फरक मी झाशीतल्या निम्म्या मेकॅनिकांना समजावून सांगितला आणि त्यातल्या एकालाही तो पटला नाही. "भाईसाहब, नया हैंडल लगवा लो, चमकेगा," एवढंच उत्तर मिळायचं. पण मला ती चमकायला नकोच होती. लढाईत चमचमती गाडी घेऊन कोण जातं? महायुद्धात फौजेकडे असताना ती जशी होती तशीच मला हवी होती. तोच रंग, तेच नटबोल्ट, तशीच कातडी गादी आणि बाजूला तीच साइडकार. एक स्क्रू जरी नव्या पद्धतीचा दिसला तरी मला रात्रभर टोचत राहतो. घरचे मला किरकिऱ्या म्हणतात ते उगाच नाही.

बाबा छावणीतल्या डेपोत कारकून होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी फौजेनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यांनी ही मोटरसायकल घेतली आणि लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरापर्यंत ढकलत आणली, कारण ती चालूच होत नव्हती. साध्या माणसानं फौजी रंगाची गाडी फिरवायची नाही, म्हणून लगेच तिला घराच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग फासला. पुढे तीच रीत पडली. दसऱ्याच्या आधी खिडक्यांना जो रंग लागायचा, त्यातला डब्याच्या तळाशी राहिलेला गाडीला. मी टाकी खरवडायला घेतली तेव्हा चॉकलेटीखाली पोपटी, पोपटीखाली निळा, असा आमच्या खिडक्यांचा सगळा इतिहास उलटा वर यायला लागला. शेवटी नंबरप्लेटच्या मागे, जिथे कधी ऊन लागलं नव्हतं, तिथे धुळीसारखा मूळ खाकी रंग सापडला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या दुकानदाराला वाटलं मला शॉक बसला.

आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती उंबऱ्यात खुर्ची टाकून माझे उद्योग बघत बसायची आणि अधूनमधून टोमणे मारायची. मोटरसायकलबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. पण मी साइडकारकडे वळलो आणि ती एकदम म्हणाली, "तिला हात नको लावू. रहने दे."

साइडकारच्या नाकावर, अगदी खाली, शेंदराचा जाड थर होता. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांबरोबर विळी, कात्री, सायकल सगळ्यांची पूजा होते. बाकी सगळ्यांना हळदकुंकवाचं बोट, पण साइडकारला मात्र आई दरवर्षी तेलात कालवलेला शेंदूर लावायची, तोही चांगला थापून. त्या नाकाला हळूहळू मारुतीची कळा आली होती. गल्लीतून जाणारे लोक हात जोडून पुढे जायचे. दूधवाला तर "जय हो" म्हटल्याशिवाय कॅन खाली ठेवायचा नाही.

"आई, फौजेत शेंदूर नव्हता," मी म्हणालो.

"का? फौजेत देव नव्हते?"

"मला गाडी जशी होती तशी करायचीय. छावणीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. तिथले अफसर वाकून वाकून बघतात, एक चूक खपवून घेत नाहीत."

खरं तर ही बढाई होती, पण तिचा परिणाम भलताच झाला. आईचा चेहरा उतरला. तिनं खुर्चीतूनच हात जोडले. आपल्या आईनं आपल्याला हात जोडलेले कोणाला बघवतात? माझं डोकं फिरलं. मी हातातली खरवडायची पट्टी आपटली आणि म्हणालो, "असं काय आहे त्या शेंदरात?"

"त्याच्याखाली बाण आहे," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. लिलावात बाबांनी घेतली ती फक्त मोटरसायकल. साइडकार काही दिवसांनी गरौठा गावाकडून येणाऱ्या एका बैलगाडीतून आली, ताडपत्रीत गुंडाळून. "मिळाली," एवढंच बाबा म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा, बोलायला पैसे पडत असल्यासारखा. पुढे एका मुंजीच्या पंगतीत मामानं थट्टा केली, "जिजाजींचं बरं आहे, डेपोत हात घातला की साइडकार निघते!" सगळे हसले, बाबाही हसले. आईला मात्र घास गिळवेना. घरी येऊन तिनं साइडकार पुसायला घेतली, तर नाकाखालच्या लोखंडी पट्टीवर बाण ठोकलेला. कावळ्याच्या पायासारखा, तीन रेघांचा. छावणीतल्या कारकुनाच्या बायकोला त्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. डेपोतल्या बादलीपासून घोंगडीपर्यंत प्रत्येक सरकारी मालावर तो बाण असायचा. आमच्याच गल्लीतल्या एका शिपायाकडे तशी बादली सापडली होती आणि त्याची नोकरी गेली होती.

"मग मी काय करणार? तुम्ही पोरं लहान. शेंदूर लावला. शेंदराला कोण हात लावतं?"

"बाबांना विचारलं नाहीस?"

"काय विचारू? चोरी केलीत का म्हणून? आणि ते हो म्हणाले असते तर?"

मला बाबा आठवले. घरी आलेल्या सरकारी टाकानं त्यांनी मला शाळेचा धडा कधी लिहू दिला नव्हता. तो माणूस साइडकार उचलून आणेल? पण मग बाण कसा? शेंदूर तसाच राहू द्यावा, प्रदर्शन गेलं खड्ड्यात, असंही मनात येऊन गेलं. पण आता ते कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

"मी एकटाच बघतो," मी म्हणालो. "वाईट निघालं तर वरून रंग मारतो. कोणाला कळणार नाही."

ती खुर्चीला धरून उठली. मग म्हणाली, "बघ. पण मला सांगू नको." आणि आत निघून गेली.

मी रॉकेलमध्ये फडकं भिजवून शेंदरावर ठेवलं आणि थर मऊ झाल्यावर लाकडी पट्टीनं सोलायला लागलो. खपल्या पडत गेल्या. खालून बाण निघाला, अगदी आईनं सांगितला तसा. बाबांचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. तरी हात चालूच होता, सवयीनं. बाणाच्या टोकापाशी अजून एक खपली होती. ती निघाली आणि खाली आणखी रेघा दिसल्या. दुसरा बाण! उलटा, पहिल्याच्या टोकाला टोक लावून ठोकलेला.

माझा जीव भांड्यात पडला. जुन्या फौजी गाड्यांच्या नादात मी जे काही वाचून काढलं होतं, त्यात हे मला पाठ होतं. एक बाण म्हणजे माल सरकारचा. सरकारनं तो रीतसर विकला की टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकायचे, म्हणजे पहिला रद्द. साइडकार लिलावात गेली होती. गरौठ्याकडच्या कोणीतरी ती घेतली असणार आणि बाबांनी त्याच्याकडून आणली असणार. आईनं घाईघाईत खालचा बाण तेवढा पाहिला आणि झाकताना दोन्ही झाकले.

मी आत गेलो. "सांगू नको म्हटलं होतं ना," ती भिंतीकडे बघत म्हणाली. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळं समजावून सांगितलं. तिला ते एकदा सांगून पटलं नाही, पुन्हा सांगायला लावलं. मग तिनं वाकून दोन्ही बाणांवरून बोट फिरवलं, खालून वर आणि वरून खाली.

"पक्कं ना?"

"पक्कं. आता हे असंच ठेवणार. लिलावाच्या दिवशी होती तशी गाडी करतो, लढाईतली नाही. तीही खरीच की."

ती खुर्चीत बसली. जरा वेळानं म्हणाली, "मी शेंदूर लावायला बसले की हे काय म्हणायचे रे तुम्हाला?"

"म्हणायचे, तुमची आई फार भाविक आहे."

"भाविक!" आईला हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, पदर डोळ्यांना लावून ती हसतच राहिली. "अरे, चोर समजून संसार केला मी त्यांच्याशी. आणि किती सुखाचा झाला रे."