अर्धा तेहे-तेहे

सिलुंगान बेटाच्या आसपास कुणाच्या होडीचं मशीन बंद पडलं, की माणसं आधी अल्लाचं नाव घेतात आणि मग अल्बायाचं. घाईत काही जणांचा क्रम चुकतो, असं तिचा नवरा कल्बी म्हणतो.

अल्बाया सत्तेचाळीस वर्षांची. घर पाण्यात, खांबांवर. फळ्यांची वाट जिथे संपते तिथे तिची पत्र्याची शेड. वडील मशीनं दुरुस्त करायचे. नवव्या वर्षी तिने त्यांच्या नकळत एक कार्बुरेटर उघडला, साफ केला आणि परत बसवला. एक स्क्रू उरला. वडील मारायला उठले, पण मशीन आधीपेक्षा बरं चालायला लागलं होतं. तो स्क्रू आजही शेडच्या दाराला टांगलेला आहे. डाव्या करंगळीचं वरचं पेर मात्र होडीच्या एका पंख्याने नेलं. त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. चूक माझी होती, पंख्याची नव्हती, एवढंच ती म्हणते.

स्वयंपाकाशी तिचं कधी जमलं नाही. घरात चूल कल्बीची. अल्बायाने केलेला भात होडीचं भोक बुजवायला उत्तम, असं शेजारणी तिच्या तोंडावर म्हणायच्या आणि ती हसून पान्याने पाठ खाजवायची.

तिचा एकुलता एक मुलगा हामकी तवाऊच्या बंदरात क्रेन चालवतो. त्याची आणि युलिनारची गाठ पडली ती ताराकानहून येणाऱ्या बोटीवर. ती माराटुआ बेटावरची, म्हणजे इंडोनेशियाची, हा मलेशियाचा. दोघं शाळेत शिकलेली भाषा एकमेकांशी जपून जपून बोलत होते. मग बोट हलली, गरम सूप युलिनारच्या मांडीवर सांडलं आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती थेट हामकीच्या आजीची. घरची, सामा भाषेतली, जशीच्या तशी. हामकी उडालाच. पुढचे चार तास दोघं एकमेकांना शब्द विचारत बसले. ओहोटीला काय म्हणता, सुकटीला काय, चोंबड्या आत्याला काय? बहुतेक सगळे तेच निघाले. लग्न त्या बोटीवरच ठरलं. आईबापांना कळायला सहा महिने लागले.

युलिनारच्या आईने, मुर्जानाने, फोनवर हरकत घेतली नाही. पण आवाज करवतीसारखा होता. निकाहाच्या आदल्या दिवशी, पोरीच्या आधी, मी पुढे येईन, ती म्हणाली, आणि माझी मुलगी आपल्या माणसांत जातेय की परक्यांत ते बघेन. आपल्यांत असेल तर राहील. परक्यांत असेल तर निकाह होईल, पण मुलगी माझ्याबरोबर माराटुआला परत येईल. तुमच्या मुलाने हवं तर मागून यावं.

हामकी मागून जाणार यात अल्बायाला तिळमात्र शंका नव्हती. तो युलिनारच्या मागे चंद्रावरही गेला असता. महिन्यातून दोनदा येऊन शेडमध्ये तिच्याशेजारी बसणारा पोर वर्षातून एकदा दिसला असता, तोही कागदपत्रं जमली तर.

आणि हे ठरायचं कसं, तर तेहे-तेहेवर. समुद्राच्या तळच्या गवतात कवचाचे जीव बसलेले असतात, काटेरी गोळ्यांसारखे. त्यांचे काटे झाडायचे, तोंड फोडायचं, आतली पिवळी गाभोळी तशीच ठेवून वरून भिजवलेला तांदूळ भरायचा, पानाचं बूच मारायचं आणि कवचासकट उकडायचे. अल्बायाच्या घराण्यात रीत अशी, की नवऱ्यामुलाच्या आईने ते स्वतःच्या हाताने करायचे. नवरीच्या आईने पहिला फोडायचा. अर्धा तिने विहिणीला परत दिला तर मुलगी दिली. सगळा एकटीने खाऊन कवच पालथं घातलं तर मुलगी परत चालली. फोनवर अल्बायाने ही रीत भीतभीत सांगितली, तेव्हा पलीकडून मुर्जाना म्हणाली, "मला काय सांगतेस? आमच्याकडेही हेच आहे."

निकाहाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला अल्बाया कमरेभर पाण्यात उतरली आणि टोपलीभर गोळे घेऊन आली. उन्हासाठी तोंडाला तांदळाचा पिवळा लेप फासलेला, अंगात कल्बीचा जुना शर्ट. जाऊबाई जार्मा मदतीला बसली होती, पण हात लावायची तिला परवानगी नव्हती. जार्मा फिलिपिन्सच्या सितांकाईची. लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी ती या पदार्थाला ओको-ओकोच म्हणते आणि बाकी सगळ्या बेटाचं चुकतं असं मानते.

"अर्धंच भर," जार्मा म्हणाली.

"तुमच्या सितांकाईत तांदूळ महाग असेल. माझी विहीण दोन दिवसांचा प्रवास करून येतेय. तिला काय अर्धपोटी ठेवू?"

पातेल्यात मावतील तेवढे गोळे अल्बायाने काठोकाठ भरले आणि वर अंगठ्याने दाबलेही. टाकी भरताना ती असंच करायची. जार्माने कपाळाला हात लावला. दुपारी पातेलं चुलीवर चढलं.

तेवढ्यात फोन वाजला. होडीवाला साब्री. पाहुण्यांना सेंपोर्नाहून घेऊन निघालेला, आता बेटापासून मैलभरावर प्रवाळात अडकलेला. मशीन सुरू होतंय, पण पंखा फिरत नाही. पुन्हा ओहोटी लागलीय. अर्ध्या तासात होडी आडवी होईल आणि मग रात्रीच्या भरतीपर्यंत विहीणबाई उन्हात.

अल्बायाला काय झालंय ते फोनवरच कळलं. पंख्याची पिन तुटली होती. पंखा दगडावर आपटला की ती मऊ पिन आधी तुटते, म्हणून आतली महागाची दातेरी चाकं वाचतात. तुटण्यासाठीच केलेली वस्तू. साब्रीकडे जादा पिन नव्हती. साब्रीकडे जादा काहीच कधी नसतं. पातेल्याकडे बघायला जार्माला सांगून तिने पितळी सळई, करवत आणि पक्कड होडीत टाकली आणि निघाली.

निम्म्या वाटेत तिला स्वतःकडे बघायचं सुचलं. तोंडाला लेप, शर्टाला काटे चिकटलेले, नखांत ग्रीस. विहिणीला पहिल्यांदा भेटायचं ते असं? मग वाटलं, लेपामुळे ओळखणार कोण? जवळ जाताच तिने साब्रीकडे असे डोळे वटारले की तो काय समजायचं ते समजला.

होडीत चार बायका आणि दोन पुरुष. मधोमध छत्री धरून बसलेली मुर्जाना. तिच्याही तोंडाला तोच लेप, फक्त रंग जरा जास्त पिवळा. आवाजावरून अल्बायाने तिला लगेच ओळखलं. ती साब्रीला ऐकवत होती, की आमच्या माराटुआत बकरीसुद्धा याहून बरी होडी हाकते.

आधी होडी प्रवाळातून सोडवायला हवी होती. सगळे गुडघाभर पाण्यात उतरले. ढकलायचा इशारा म्हणून अल्बाया मोजायला लागली, "इस्सा, दुवा..." आणि पुढचं "तल्लू, अम्पत" सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं. माराटुआवाल्यांचा सूर जरा लांब होता, शेवटाला हेलकावा घेणारा, पण जोर बरोबर त्याच आकड्यावर पडला आणि होडी सुटली. कुणीतरी हसलं. अल्बायाच्या छातीत मशीन लागल्यासारखी धडधड सुरू झाली. ही माणसं परकी कशी असतील?

ती होडीच्या मागच्या टोकाला उकिडवी बसली, पंखा काढला, तुटलेले दोन तुकडे ठोकून बाहेर पाडले आणि सळई कापायला घेतली. मुर्जाना तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली.

"आमच्याकडे हे पुरुष करतात," ती म्हणाली.

"आमच्याकडेही करतात. मग मी नीट करते."

मुर्जानाने छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, की या बेटावर अल्बाया नावाची बाई राहते, ती कशी आहे?

साब्रीला ठसका लागला. अल्बायाची करवत थांबली. चांगलं सांगायची संधी आयती हातात आली होती. सुगरण आहे, गोड बोलते, सुनेला फुलासारखं ठेवील. जिभेच्या टोकापर्यंत सगळं आलं. पण हातात सळई होती, आणि काम करताना खोटं बोललं की माप चुकतं हा तिचा अनुभव.

"हाताने बरी आहे," ती म्हणाली. "तोंडाने फटकळ. भात तर असा करते की कुत्रीसुद्धा आधी एकमेकांकडे बघतात. आज सकाळपासून विहिणीसाठी खपतेय, पण त्याचं काय होईल सांगता येत नाही. पोरावर फार जीव आहे तिचा. एवढंच मला माहीत आहे."

"हं," मुर्जाना म्हणाली आणि छत्री जराशी सरकवली, कारण ऊन अल्बायाच्या मानेवर येत होतं.

पिन बसली. पंखा फिरला. अल्बाया आपल्या होडीतून सुसाट पुढे निघाली. पाहुणे पोचायच्या आत तोंड धुवून, चांगला सारोंग नेसून दारात उभं राहायचं होतं. तेवढं तिने केलंही. पण घरात शिरतानाच जार्माचा चेहरा बघून ती थेट पातेल्याकडे धावली.

पातेल्यात गोळे उरले नव्हते. तांदूळ फुगला आणि त्याला जायला जागा नव्हती. एकेक कवच तडकलं होतं. भात, गाभोळी आणि कवचांचे तुकडे असा सगळा पिवळा रगडा झाला होता. तळाशी एकच गोळा कसाबसा शाबूत होता. अल्बाया त्याच्याकडे बघतच राहिली. धातू तापला की वाढतो, हे तिला नवव्या वर्षापासून ठाऊक. पिस्टनला केसाएवढी जागा सोडायला ती चुकली नव्हती. आणि भाताला?

"बोल ना आता," ती जार्माला म्हणाली.

"मी काय बोलू? आमच्याकडे तांदूळ महाग."

बाहेर पाहुण्यांच्या स्वागताला ओळीने मांडलेल्या घंटांवर काठ्या पडायला लागल्या होत्या. फळ्यांवरून पावलं आली. हामकी इस्त्रीच्या शर्टात भिंतीला चिकटून उभा, लग्न त्याचं नाही तर फाशी त्याची आहे अशा चेहऱ्याने. चटईवर मुर्जाना बसली. अल्बायाने तो एकुलता एक गोळा बशीत घालून पुढे ठेवला. बाकीचे कुठे गेले ते लपवण्यात अर्थ नव्हता. वास सगळ्या घरात भरला होता.

मुर्जानाने गोळा उचलला, मागे-पुढे फिरवला आणि सुरीच्या मुठीने फोडला. अर्ध्यातला घास घेतला. सगळ्या घराला ऐकू गेलं: कर्र. दाबून भरल्यामुळे मधला तांदूळ कच्चाच राहिला होता. ती चावत राहिली. अल्बायाला ती कवच पालथं घालताना आत्ताच दिसायला लागली. हामकीने डोळे मिटून घेतले.

मुर्जानाने घास गिळला, पाणी प्यायलं आणि उरलेला अर्धा अल्बायापुढे धरला. अल्बायाला काही कळेना. तिने हात पुढे केला, तेव्हा मुर्जानाने तिच्या तुटक्या करंगळीवर टिचकी मारली.

"हे बोट युलिनारने मला फोटोत कधीच दाखवलंय. लेप तोंडाला असतो बाई, बोटाला नाही."

"म्हणजे होडीत तुला..."

"माहीत होतं. सुगरण आहे म्हणून सांगितलं असतंस, तर मी हा सगळा खाल्ला असता, कच्चा तर कच्चा. माझी पोर तुझ्याकडे राहील. भाताचं ती बघेल. पण दर वर्षी एक महिना तिला माराटुआला धाडायचं, आणि तिच्याबरोबर तूही यायचं. तिथली अर्धी मशीनं बंद आहेत."

हामकीने भिंत सोडली आणि "इन्ना" म्हणत आईच्या गळ्यात पडला. बाहेर कुणाला काय कळलं देव जाणे, पण घंटा दुप्पट वेगाने वाजायला लागल्या. अल्बायाने तो कच्चा अर्धा चावून चावून, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. इतकं वाईट काही तिने आयुष्यात खाल्लं नव्हतं आणि तिला आणखी हवं होतं.

मुर्जाना मात्र उठली होती. टोपलीत अजून न भरलेले वीसेक गोळे शिल्लक होते. सारोंग वर खोचून ती त्यांच्यापुढे बसली आणि विहिणीला शेजारी ओढलं. एका कवचात तिने नखाने रेघ मारली. इथवर तांदूळ, वर मोकळं. अल्बायाने तेलाचं माप बघतात तसा एक डोळा मिटून ती रेघ बघितली.

"म्हणजे अर्धंच," ती म्हणाली.

"मी सकाळी हेच सांगत होते," चुलीपाशी जार्मा म्हणाली. "पण सितांकाईच्या बाईचं या घरात..."

दोन्ही विहिणी एकदम तिच्याकडे वळल्या आणि दोघींच्या तोंडून एकाच वेळी एकच शिवी निघाली. तीच, हामकीच्या आजीची. जार्माला तिचा अर्थ सांगावा लागला नाही. सितांकाईतही तीच देतात.