पाय बघणारे काका

समोर मोर आला की ते आधी खाली उकिडवे बसायचे. आणणारा पिसाऱ्याचं कौतुक सांगत असायचा आणि हे मान वाकडी करून मोराच्या तळव्याखाली डोकावत असायचे. "पिसारा सगळेच बघतात. आपण पाय बघायचे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तुम्हीही मोर पाहिला असेलच. त्याला बोटं किती, सांगता येईल? पुढे तीन, मागे एक. मलाही आलं नव्हतं सांगता, आणि मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली.

उल्हासनगरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागले, तेव्हा ते तिथे कंपाउंडर होते. शिक्षण सातवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे थोडा माज होताच. तो त्यांनी पहिल्या दिवशी ओळखला. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "काय गं बीएस्सी, पुस्तकात मोराला पाय दिलेत की नाही?" मी चिडायचे. ते हसायचे. मग चहा अर्धा अर्धा.

मोर घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे. तरी लोक लपूनछपून पाळतात आणि पाय सुजला की गोणीत घालून आणतात. एकदा एक सिंधी म्हातारी रडत आली. तिचा मोर पिल्लापासून गच्चीवर, लादीवर वाढलेला. "डॉक्टरसाब, मेरा बच्चा लंगडाता है!" दोन्ही तळव्यांवर फोड, त्यावर काळी खपली. डाव्या पायाचं बाहेरचं बोट आत वळलेलं, त्याला नखही नाही. काका म्हणाले, "मावशी, लादी म्हणजे याच्या पायाला शिक्षा. इसको मिट्टी चाहिए." डॉक्टरांनी म्हातारीची समजूत घातली. मोर बरा होईपर्यंत काकांच्या कुळगावच्या अंगणात राहील, मग वनखात्याच्या ताब्यात. वनखात्याला कळवायचं काम काकांनी अंगावर घेतलं.

मी राहते तिथून जवळच, कात्रपला. रोज सकाळी ड्युटीच्या आधी त्यांच्या अंगणात जायचे. मोराच्या डोळ्यांवर रुमाल टाकला की तो गप्प. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवायचा, खपली मऊ झाली की काका ती काढायचे. आतला पू खव्यासारखा घट्ट. औषध लावून, बोटांच्या मधून पट्टी फिरवून, शेवटचं टोक मागच्या बोटाखाली खोचायचं. वळलेल्या बोटासाठी त्यांनी जुन्या चपलेच्या तळातून मोराच्या पावलाच्या आकाराचा तुकडा कापला आणि पायाला चिकटपट्टीने बांधला. "घे, साहेबांना बूट." बसायला लाकडी दांडी, तिला गोणपाट गुंडाळलेलं.

पहिल्या आठवड्यात माझी पट्टी सुटली. मला वाटलं, आता टोमणा येणार. ते म्हणाले, "सुटू दे. पायाला आवळून मारण्यापेक्षा सुटलेली बरी." हे वाक्य मला तीन वर्षं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी सूज उतरली. बोट तेवढं वाकडंच राहिलं. एका सोमवारी मी गेले तर अंगण रिकामं.

"सोडला," काका म्हणाले. "वनखात्याची माणसं आली होती. डोंगराच्या पायथ्याला पिंजरा उघडला तर आधी बाहेरच येईना. मग माती उकरली, आणि गेला बघ झाडीत. मागे वळून पण बघितलं नाही लबाडाने."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, त्या म्हातारीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बेटा, तेरे हाथ में बरकत है."

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. बदलापूरबाहेरच्या एका फार्महाऊसवर, दुपारचा मुहूर्त. मी नवी साडी नेसून गेले. स्टेजच्या बाजूला गर्दी होती. गुळगुळीत लादीचा चौथरा, वर जाळीचा पिंजरा, आत मोर. पाहुणे मोबाइल वर करून "पिसारा फुलव ना रे" म्हणत होते. लादी उन्हाने तापलेली. मोर एक पाय उचलायचा, तो टेकवून दुसरा उचलायचा.

मी सवयीने खाली बसले. डाव्या पायाचं बाहेरचं बोट आत वळलेलं. नख नाही. तळव्यावर पुन्हा काळी खपली.

काका फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, हा कोण?"

त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "इथल्या मालकांना मोर हवा होता. त्यांनी पोरीच्या लग्नाला जागा दिली. मी एक पक्षी दिला."

"आणि डोंगर? ती उकरलेली माती?"

"तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं गं."

"त्याचे पाय बघितलेत?"

"आज नको, बीएस्सी. आज लोक पिसारा बघायला आलेत."

मी न जेवता निघाले. काका खोटं बोलले, तेही गिळलं असतं एक वेळ. पण लादीने काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि मला ते त्यांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्यात अर्ज दिला. डाव्या पायाची खूण नीट लिहिली. खाली सही, पुढे बीएस्सी. आठवड्यात मोर तिथून हलवला. काकांचीही चौकशी झाली. त्यानंतर ते एकदाच दवाखान्यात आले, डबा आणि छत्री घ्यायला. केसपेपरच्या खिडकीशी थांबले. मला वाटलं, शिव्या देतील. म्हणाले, "पट्टी सैल बांधत जा." मी मान वर केली नाही. पहिल्यांदाच त्यांनी मला बीएस्सी म्हटलं नाही.

आता मोर आला की उकिडवं मला बसावं लागतं. परवा कात्री शोधताना त्यांच्या खणात तळाशी एक जुनी चप्पल सापडली, डाव्या पायाची. मधोमध आरपार भोक. पुढे तीन बोटं, मागे एक.