इंद्रजीतचा बिल्ला

माझा साडू लहानू काळजी करायलाच जन्माला आला आहे, असं माझं जुनं मत आहे. गॅस बंद केला का हे पाहायला तो तात्यापाऱ्याच्या चौकातून परत घरी येतो. कुलूप लावलं की ओढून पाहतो, चार पावलं जाऊन परत ओढून पाहतो. त्याची बायको कांता, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणते की या माणसासोबत सिनेमाला गेलं तरी अर्धा सिनेमा घराच्या कुलपाचाच होतो. आम्ही सगळे त्याला हसतो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी जरा जास्तच हसत होतो.

लहानू शहराबाहेर सिलतऱ्याकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचा शिफ्ट इन्चार्ज आहे. तिथे छताखालून एक भलीमोठी क्रेन रुळांवर फिरते आणि तापलेलं लोखंड उचलते. तिला वीज मिळते ती रुळाला लागून गेलेल्या उघड्या पट्ट्यांतून. क्रेन बंद पडली की खालचा मेन स्विच पाडून वीज तोडायची आणि कोणीतरी शिडीने वर जायचं. तो माणूस वर असताना खाली कोणी स्विच टाकून वीज सोडली, तर त्याला उतरवून घ्यायला वेळच मिळणार नाही.

म्हणून लहानूने आपल्या शिफ्टमध्ये एक रिवाज पाडला. प्रत्येकाच्या नावाचा एक पितळी बिल्ला. वर जाणाऱ्याने तो स्विचजवळच्या खुंटीला अडकवायचा आणि उतरल्यावर आपल्या हाताने काढायचा. खुंटीवर एक जरी बिल्ला असला तरी स्विच टाकायचा नाही, आणि खुंटीवरच्या दुसऱ्याच्या बिल्ल्याला कारखान्याच्या मालकानेही हात लावायचा नाही. कंपनीचे परवानगीचे कागद असतात, पण गडबडीत कागद नंतर भरला जातो, बिल्ला मात्र आधी लागतो. काळजीखोर माणसाच्या डोक्यातून निघालेली ही सगळ्यात कामाची गोष्ट असावी.

त्याच्या हाताखाली भार्गव होता आणि दीक्षा होती. दीक्षा आयटीआय करून आलेली पुरानी बस्ती भागातली पोरगी. गेटवरच्या कुत्रीला आपल्या डब्यातली अर्धी पोळी घातल्याशिवाय ती आत जात नसे, आणि पंख्यात चिमणी अडकेल म्हणून विश्रांतीच्या खोलीतला पंखा बंद करून घामाघूम बसत असे. लहानूचा तिच्यावर फार जीव. माझ्यानंतर स्विच हिच्या हाती द्यायचा, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा.

मग इंद्रजीत आला.

त्याचं काम उत्तम होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल साडूची बाजू घेतोय. मोटर नुसती ऐकून तो बिघाड सांगायचा. बाकीच्यांना अर्धी शिफ्ट लागेल ते काम हा चहा निवायच्या आत करायचा. आपल्यातलाच पोरगा, आई-बाप भंडाऱ्याकडचे, मराठी पूर्ण समजायची, पण उत्तर हिंदीतच. क्रेन थांबली की मॅनेजर साहेब लहानूला नाही, थेट इंद्रजीतला फोन लावू लागले. पोरगं मुळातच ताठ होतं, त्यात ही फोडणी.

भार्गवने एकदा विचारलं की बिघाड सापडला कसा, तर हा म्हणाला, बताने से आ जाएगा क्या? विजेच्या पेटीचं झाकण तो अंगाआड धरून उघडायचा, काम करायचा आणि बंद करायचा, कोणाला काही दिसू नये म्हणून. दीक्षाने जोडलेल्या तारा त्याने एकदा सगळ्या ऑपरेटरांसमोर उपटल्या आणि म्हणाला, मॅडम, ये मेहंदी लगाने का काम नहीं है. लोक हसले. मग त्याने त्याच तारा तशाच परत जोडल्या, कारण त्या बरोबरच होत्या. त्यानंतर दीक्षाने त्याला काही विचारणं सोडलं. पुढे पुढे तिने कोणालाच काही विचारणं सोडलं. भार्गवने भिलाईला दुसरी नोकरी धरली आणि जाताना इंद्रजीतला रामरामही केला नाही.

लहानूने काय काय करून पाहिलं. चहाला नेऊन समजावलं, एकदा रागावून पाहिलं, शेवटी मॅनेजरकडे गेला. साहेब म्हणाले, लहानूजी, दूध देने वाली गाय है, लात भी सह लो. आपल्याकडेही म्हणतातच की दुभत्या गाईच्या लाथा गोड. पण इथे दूध साहेबांच्या घरी जात होतं आणि लाथा लहानूच्या शिफ्टला बसत होत्या. हे मी म्हणतो. लहानू नुसता ‘हव’, म्हणजे बरं, म्हणून परत आला.

सगळ्यात वाईट म्हणजे इंद्रजीत बिल्ला लावत नव्हता. अंकल, बिल्ला उनके लिए है जिनको ऊपर टाइम लगता है, असं म्हणून तो सरसर शिडी चढून जायचा. मग लहानूने काय केलं? तो स्वतःच इंद्रजीतचा बिल्ला खुंटीला लावू लागला. पोरगं खाली यायचं, बिल्ला काढायचं आणि लहानूच्या हातावर टाकायचं, लो, आपका खिलौना. लहानू तो पुसून खिशात ठेवायचा. हे ऐकून माझं डोकं सणकलं होतं. मी असतो तर त्या पोराला खिलौना म्हणजे काय ते दाखवलं असतं. पण मी सरकारी दफ्तरात फायली सरकवून रिटायर झालेला माणूस, माझ्या तोंडाला काय लागतं.

एका रविवारी विहारातून परत येताना लहानू आमच्याकडे बसला. चेहरा ओढलेला, बशीतला चहा तसाच. मी थट्टा केली की मन चिंती ते वैरी न चिंती, तू त्या पोराचा एवढा विचार काहून करून राहिला, तो तुझा करतो का?

तो म्हणाला, ‘‘भाऊ, मले त्याच्या बोलण्याचं काही नाही. माझी शिफ्ट चुप झाली. आधी कोणी वर गेलं की खालून हाका मारत, पाणी पाहिजे का, उतरून राहिला का. आता तो वर गेला की कोणी मान वर करूनही पाहत नाही. मी एक दिवस नसलो तर त्याचा बिल्ला कोण लावन?’’

मी म्हणालो, कोणालेच लावू नको देऊ, सुंठीवाचून खोकला जाईल. लहानूने माझ्याकडे पाहिलं, बशी खाली ठेवली आणि घरी गेला. मला वाटलं, थट्टा कळत नाही याला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मे महिन्याच्या दुपारी, लहानूला मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. तो तिकडे बसलेला असताना इकडे क्रेन बंद पडली. स्विच पाडला गेला, इंद्रजीत वर गेला, बिघाड काढला आणि खाली येऊन ऑपरेटरला सांगितलं की झालं. मग त्याला आठवलं की पक्कड वरच राहिली. तो परत शिडीकडे गेला आणि वर चढला. खाली फोन वाजत होता, चालू करा, चालू करा. खुंटी रिकामी होती, आणि स्विचपाशी दीक्षा होती.

क्रेन थांबल्याचं कळताच लहानू केबिनमधून साहेबांचं बोलणं अर्धवट टाकून निघाला. एरवी जो माणूस साहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसतो, तो न विचारता उठला. का उठला हे त्याला आजही सांगता येत नाही. तो पोचला तेव्हा दीक्षाचा हात स्विचच्या दांड्यावर होता. त्याने वर पाहिलं, पण तापलेल्या लोखंडाच्या धुरात छताखालचं काही दिसत नव्हतं.

त्याने विचारलं, इंद्रजीत कुठे आहे?

दीक्षा म्हणाली, ‘‘बिल्ला नाही ना, काका.’’

लहानू सांगतो, विचारलं काय आणि उत्तर काय. त्याने तिचा हात बाजूला केला, खिशातून स्वतःचा बिल्ला काढून खुंटीला अडकवला आणि वर तोंड करून जीव खाऊन हाक मारली. वरून आवाज आला, आ रहा हूँ, क्यों चिल्ला रहे हो?

इंद्रजीत पक्कड घेऊन उतरला आणि लहानूवरच चिडला, की अंकलमुळे काम खोळंबलं. साहेबही फोनवर तेच बोलले. क्रेन सुरू झाल्यावर त्याने दीक्षाला वॉटर कूलरजवळ बाजूला घेतलं आणि विचारलं, तुले मालूम होतं का तो वर आहे?

तिने खूप वेळ ग्लास धुतला. मग म्हणाली, ‘‘त्याने मलेच शिडी धरायले सांगितलं होतं, काका.’’

लहानूला पुढे विचारायचं नव्हतं, पण विचारावं लागलं. तू स्विच टाकणार होती का? ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, माहीत नाही. फोन वाजत होता, खुंटी रिकामी होती, आणि मनात आलं की नियम त्यानेच मोडला आहे, माझं काय चुकतं. एवढंच मनात आलं, काका, दुसरं काहीच आलं नाही. मग ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, ‘‘मले स्विचपाशी नका ठेवू. मले माझा भरोसा नाही वाटून राहिला.’’

शिफ्ट संपल्यावर लहानू घरी न जाता कारखान्याच्या बुटांसकट आमच्याकडे आला. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, भाऊ, तो मेला असता तर मले दुःख झालं असतं. पण आपल्या पोट्टीले झालं नसतं. चिमणीसाठी पंखा बंद करते ती पोट्टी. मला त्या दिवशी फार भीती वाटली. सुंठीवाचून खोकल्याची गोष्ट मी माझ्याच घरात, चहा पिता पिता केली होती, आणि तिकडे ती दीक्षाच्या हातून होता होता राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लहानू मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, या पोराला माझ्या शिफ्टमधून काढा. साहेबांनी विचारलं, उसने किया क्या है? खरं सांगावं तर दीक्षाची नोकरी जाईल, पोलीसही येतील. न सांगावं तर म्हातारा जळतो असं दिसेल. त्याने एवढंच सांगितलं की तो राहील नाहीतर मी राहीन. आयुष्यभर हव-हव करणारा माणूस असं बोलला, म्हणून साहेब हबकले असतील. बिल्ल्याची गोष्ट त्यांच्या कानावर आली असेल असंही मला वाटतं. त्यांनी इंद्रजीतला मोटर दुरुस्तीच्या वर्कशॉपात टाकलं. तिथे यंत्रं टेबलावर येतात, माणसाला कुठे चढावं लागत नाही आणि कोणाशी बोलावंही लागत नाही. तिथेही तो फार छान काम करतो म्हणे.

लहानूच्या शिफ्टमध्ये क्रेन आता जास्त वेळ बंद राहते. दर मीटिंगमध्ये त्याला त्यावरून ऐकावं लागतं. इंद्रजीतला काढलं तेही बरोबर केलं की नाही, या काळजीने तो रोज कुढतो. दीक्षाला त्याने अजून स्विचपाशी उभं केलेलं नाही, पण ती परत प्रश्न विचारायला लागली आहे. कधी कधी चुकीचे विचारते, तरी लहानूला बरं वाटतं.

इंद्रजीत आपली हत्यारं न्यायला आला त्या दुपारची गोष्ट लहानूने मला फार उशिरा सांगितली. पोरगं पिशवी भरत होतं. लहानूशी बोलायचं नाही असं ठरवूनच आलं असावं. पण राहवलं नाही. मैंने किया क्या था, अंकल, असं त्याने विचारलं. आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

लहानू म्हणाला, ‘‘पक्कड घ्यायले परत वर गेला होता ना तू? तेव्हा खाली कोणाले तुझी आठवण आली नाही.’’

इंद्रजीतचा हात पिशवीतच थांबला. त्याला हिशोब लागायला वेळ लागत नसे, मोटरचा असो की माणसांचा. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘दीक्षा को भी नहीं?’’

माझा साडू कधी खोटं बोलत नाही, कारण पकडले जाऊ याची त्याला आधीच काळजी लागते. तो म्हणाला, ‘‘ती तिथं नव्हती.’’

शिडी धरायला तिला इंद्रजीतनेच सांगितलं होतं. मग हळूच म्हणाला, ‘‘हव,’’ आणि पिशवीची चेन लावू लागला. चेन काही त्याच्याकडून लागत नव्हती.