पाय धुतले, पाठ राहिली

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गुरुवारच्या घरसभेला पूर्वी नुसता गटप्रमुख असे. तो गीतांची पुस्तके वाटी, पुढच्या आठवड्यात सभा कोणाकडे ते सांगे आणि कोणी आजारी असेल तर संध्याकाळी त्याच्या घरी डोकावून येई. एवढे सगळे त्याला कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय जमत असे, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर पटायची नाही.

मध्यंतरी आमचे सध्याचे गटप्रमुख इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर ‘नम्र सेवक नेतृत्व’ या विषयावरील शिबिरास गेले. गृहस्थ अंबडच्या एका कारखान्यात व्यवस्थापक आहेत, वयाने चाळिशीचे, आणि मला ‘अंकल’ म्हणतात. नम्रता शिकण्यासाठी पोहण्याचा तलाव आणि तीन वेळचा बुफे का लागतो, याचा खुलासा परिपत्रकात नव्हता. परतल्यावर त्यांनी जाहीर केले, की यापुढे त्यांना गटप्रमुख म्हणू नये, ‘सेवक-नेता’ म्हणावे. तसे शब्द छापलेला टी-शर्टही त्यांनी आणला होता. ‘सेवक’ लहान अक्षरांत होते.

मी आयुष्य दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत काढले आहे. आधार नसलेले पदनाम मला सहन होत नाही. मी पाळकसाहेबांना सविस्तर पत्र लिहिले. मंडळीच्या घटनेत असे पद नाही, ते निर्माण करण्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि नम्रता जाहीर केल्याने ती संपुष्टात येते किंवा कसे याचाही निर्णय व्हावा, असे तीन मुद्दे मी मांडले. उत्तर आले : ‘आपले पत्र मिळाले. प्रार्थनेत ठेवले आहे.’

ज्यांचा आमच्याशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. कचेरीत जसे कागद दप्तरी दाखल होतात, तसे आमच्याकडे विषय प्रार्थनेत ठेवले जातात. ठेवणाऱ्याला पुण्य लागते, ज्याचा विषय आहे त्याला समाधान वाटावे अशी अपेक्षा असते, आणि कोणालाही जागचे उठावे लागत नाही. मी प्रार्थनेच्या विरुद्ध नाही. मी रोज करतो, आणि तीही मुद्देसूद. माझी हरकत प्रार्थनेच्या त्या उपयोगास आहे.

असाच एक विषय म्हणजे आमचे मास्तर. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. काठीच्या आधाराने ते खोलीतल्या खोलीत चालत. डबा येई, शेजारच्या बाई झाडून काढीत आणि चहा देत. अडत होते ते फक्त अंघोळीपाशी. बाईंना ते आत येऊ देईनात. रुग्णसेवेची माणसे पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेला माणूस एका हाताने साबण लावी आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरी. मास्तरांनी त्याला डाव्या हाताने काठी दाखवली, आणि ब्युरोने पुन्हा माणूस देण्याचे नाकारले.

मास्तरांचा पुतण्या चांदवडकडे कांदा करतो. तो आला, काकांची दशा पाहून गेला आणि म्हणाला, की काकांना गावी नेतो. मुलगा वाईट नव्हे, उलट फार चांगला. पण मास्तरांना जायचे नव्हते.

“का हो?” मी त्यांना विचारले. “तिथे तुमचे काय वाईट होणार आहे?”

“काहीच नाही,” मास्तर म्हणाले. “सगळे चांगले वागतील. ओट्यावर बसवतील. येणारा-जाणारा पाया पडेल. वकीलसाहेब, तिथे मी नुसता काका होईन. इथे निदान माझ्याशी भांडायला तुम्ही येता.”

मी वकील कधीच नव्हतो. ही दुरुस्ती मी त्यांना अनेकदा सुचवली आहे.

गुरुवारी हा विषय मी सभेत मांडला. सेवक-नेत्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि त्याच रात्री गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिले : ‘प्रार्थनेचा विषय – मास्तर अंकलच्या शारीरिक स्वच्छतेसाठी.’ खाली आमेनांची रांग लागली. जोडलेले हात, पांढरी कबुतरे, एका भगिनीने तर झऱ्याचे चित्र टाकले. मास्तरांचाही नंबर त्या गटात आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते मला फोनवर म्हणाले, “झरा पाहिला. त्यात शिरायचं कसं तेवढं विचारा.”

मग पवित्र सप्ताह आला. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या गुरुवारी आमच्या सेवक-नेत्यांनीही पाय धुवावेत, असे शिबिरातच ठरले होते. कार्यक्रम त्यांच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर. पितळी घंगाळ, त्यात कोमट पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या, शेजारी फोटोसाठी गोल दिवा. ज्यांचे पाय धुवायचे त्या मान्यवरांत मास्तरांचे नाव पहिले, कारण सगळ्यांत जास्त दीन तेच दिसत होते. त्यांना गाडीतून आणले. चार दिवसांनी काकांना न्यायचे म्हणून पुतण्याही आलेला होता. तो चपला हातात धरून दारापाशी उभा राहिला.

सेवक-नेते गुडघ्यांवर बसले.

“मास्तर अंकल, आज मी तुमचा दास आहे.”

“असं का?” मास्तर म्हणाले. “किती वाजेपर्यंत?”

मागे कोणीतरी खोकल्यासारखे केले. सेवक-नेते हसले, शिबिरात त्यांना हसायलाही शिकवले असावे. त्यांनी ओंजळीने पाणी घातले, पाय चोळले. पाकळी मास्तरांच्या करंगळीला चिकटून बसली. फोटो निघाले. एका बाजूने नीट न आल्यामुळे दुसऱ्या बाजूने पुन्हा निघाले.

“पाणी बरं आहे ना, अंकल?”

“पाणी छान आहे. पण पाय मी सकाळीच घासून आलोय. चारचौघांत दाखवायचे म्हणून. पायांपर्यंत माझा डावा हात पोहोचतो हो. पाठीपर्यंत पोहोचत नाही.” मास्तरांनी खाली त्यांच्याकडे पाहिले. “एवढे आलाच आहात, तर जरा वर या.”

सेवक-नेते टॉवेल हातात धरून तसेच बसले. मग त्यांचा चेहरा ओळखीचा झाला आणि ते म्हणाले, “अंकल, हे आपण नक्की प्रार्थनेत ठेवू या.”

मी उभा राहिलो. “हरकत.”

“अंकल, ही उपासना आहे.”

“उपासना फोटो काढताना स्थगित झाली होती. ती अद्याप पुन्हा सुरू झालेली नाही. मी ठराव मांडतो. मास्तरांना रोज सकाळी अंघोळ घालण्यात यावी. कोणी, कोणत्या वारी, हे आत्ता आणि येथेच ठरावे. सूचक मी. अनुमोदक?”

घंगाळातले पाणी सगळ्यांना एकाएकी अत्यंत प्रेक्षणीय वाटू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमच्या घरच्या मंडळींचा आवाज आला.

“अनुमोदन माझं. आणि शनिवार ह्यांचा. सूचकाने काय नुसतं उभंच राहायचं?”

माझ्या संसारात मला याच पद्धतीने न्याय मिळत आला आहे. ठरावाला विरोध करण्याचा अधिकार मी सूचक म्हणून गमावून बसलो होतो. मग एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मंगळवार घेतला, तोही बायकोने कोपर मारल्यावर. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असेच गेले. रविवारी उपासनेआधी मास्तर ओल्या फडक्यावर भागवतो म्हणाले. सोमवार उरला. सगळे सेवक-नेत्यांकडे पाहू लागले. त्यांच्या छातीवरची अक्षरे अजून स्वच्छ वाचता येत होती.

“घेतो,” ते म्हणाले.

दारातून पुतण्या बोलला. “रोज येनार का पर? का ह्यो आठवडाच?” मग काकांकडे वळून म्हणाला, “कांद्याची काढनी चालू हाय, आत्ता माझंबी लय अडतंय. काढनी उरकली का पिकअप घिऊन येतो. नीट दिसलं तर ऱ्हावा इथं. नाय दिसलं तर माझ्यासंगं. मंग नाय म्हनायचं नाय, काका.”

“नाही म्हणणार नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला आवडला नाही. इतके सरळ ते कधी बोलत नसत.

पहिल्या सोमवारी काय घडले याचा वृत्तान्त मला मास्तरांकडूनच मिळाला. सेवक-नेते हातमोजे, मास्क आणि प्लास्टिकचा एप्रन घालून आले. मोबाईलवर भक्तिगीत लावले. पाणी इतके कढत काढले, की मास्तरांनी “हे गिझरचं आहे का तुमच्या कारखान्यातलं?” अशी विचारणा केली. साबण डोळ्यांत गेला. तो धुताना एप्रन सोडून बाकी सगळे भिजले. मास्तरांनी त्यांना ‘ढ’ म्हटले. चाळीस माणसांवर हुकूम चालवणाऱ्याला हा शब्द बहुधा शाळा सुटल्यानंतर प्रथमच ऐकावा लागला असेल. मला त्या आठवड्यात फार शांत झोप लागली.

मंगळवारचे बँक अधिकारी आधी प्रार्थना करीत, आणि ती त्यांच्या कर्जमंजुरीसारखी लांबत जाई. मास्तर कुडकुडत ओरडत, “आधी अंघोळ, मग आमेन! पाणी देवाचं असलं तरी गार होतंच की हो.” बुधवारवाल्यांनी एकदा सुगंधी ओल्या रुमालांचे पाकीट घरपोच पाठवले आणि सोबत वचन लिहिलेले कार्ड. पुढे त्यांची कंबर धरली. बँक अधिकाऱ्यांना मुलाकडे पुण्याला जावे लागले. ते गेलेच, ही गोष्ट खरी, पण ज्या समाधानाने गेले ते मी पाहिले आहे. मोकळे झालेले वार कोणी घ्यायचे यावर गुरुवारी चर्चा झाली नाही. पुढच्या मंगळवारी सेवक-नेते स्वतःच जाऊन उभे राहिले, बुधवारीही राहिले. त्याचा एकही फोटो गटावर आला नाही. मला वाटले, मोबाईल बिघडला असेल.

माझ्या शनिवारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मास्तरांना मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसवीत असे. “वकीलसाहेब, कानामागचा भाग तुमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही का?” असे ते विचारीत. “येतो, पण अर्ज रीतसर हवा,” असे मी म्हणे. चित्रे काढून एक खांदा थोडा खाली उतरलेला, आणि पाठ मात्र त्या वयातही नितळ, उन्हाने कधी न पाहिलेली. पाठ घासू लागलो, की ते गप्प होत. डोके पुढे टाकून, डोळे मिटून बसत. बाकी अंघोळभर चाललेली खेकसाखेकसी त्या वेळी थांबे. त्या शांततेचा लाभ घेऊन मी मंडळीच्या घटनेतील त्रुटी त्यांना समजावून सांगत असे, आणि आता लक्षात येते, की बोलता बोलता माझा हात फार वेळ तिथेच फिरत राही.

काढणी उरकली. पुतण्या आला तो सोमवार होता. गुरुवार आणि शुक्रवारच्या वाढत्या गैरहजेरीबद्दल सेवक-नेत्यांना लेखी जाब विचारायचा म्हणून मीही सकाळीच मास्तरांकडे गेलो होतो. रस्त्यावर पिकअप उभी होती. हौद्यात गादी अंथरलेली, उशी, उन्हासाठी वर ताडपत्री. काकांना आडवे पडून जाता यावे अशी सगळी व्यवस्था होती. ती पाहिल्यावर माझ्या हातातल्या पत्रातले मुद्दे मलाच आठवेनात.

आत मोरीतून आवाज येत होता. पुतण्या मोरीच्या दारात उभा. सेवक-नेते हाफपँटवर, अंगात गंजीफ्रॉक, डोक्यापासून भिजलेले, एक हात मास्तरांच्या काखेत देऊन दुसऱ्याने तांब्या ओतत होते.

“काका, गाडी आनलीय,” पुतण्या म्हणाला.

“डोक्याला साबण आहे, दिसत नाही?” मास्तर डोळे मिटूनच ओरडले. “अरे, डावीकडे, डावीकडे! तुझी डावी नव्हे, माझी!”

“अंकल, तुम्ही हललात तर कसं होणार?” सेवक-नेतेही ओरडले.

ही भाषा शिबिरातली नव्हती. पुतण्या तिथेच उंबऱ्यावर बसला. अंघोळ झाली, पाठ पुसून झाली, सदऱ्याची लुळ्या हाताची उजवी बाही आधी आणि डावी नंतर, अशी बरोबर चढली. शेजारच्या बाईंनी चहा आणून दिला. पुतण्याने बशी खाली ठेवून सेवक-नेत्यांना विचारले, “पावसाळ्यात येनार का, साहेब?”

उत्तर मला पाठ होते.

“पावसाळ्यात माझी पहिली शिफ्ट असते,” सेवक-नेते केस पुसत म्हणाले. “सकाळी साडेपाचला यावं लागेल. हे उठणार आहेत का, ते विचारा.”

“मी उठेन,” मास्तर म्हणाले. “पण तो मोबाईल बंद ठेवायचा. एवढ्या पहाटे मला गाणी चालत नाहीत.”

“मग माझ्यावर ओरडायचंही नाही, अंकल.”

“ते सांगता येत नाही.”

कप खाली ठेवून पुतण्या जिना उतरला. मी खिडकीतून पाहिले. त्याने ताडपत्री सोडली, तिची घडी घातली, उशी काखेत मारली, गादीची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर आला.

“ही इथंच ऱ्हाऊ द्या, काका,” तो म्हणाला. “मी आलो का मला व्हईल.”

खोलीत गादी ठेवायला जागा नव्हती. मी तसे निदर्शनास आणले. सेवक-नेत्यांनी माझ्याकडे लक्ष न देता गुडघे टेकले आणि ती खाटेखाली सरकवू लागले; मास्तर वरून काठीने त्यांना दिशा दाखवीत होते.