शरयूच्या नावाचे पीठ

जळात शयन करणाऱ्या नारायणाला वंदन करून, माझी पुतणी शरयू हिला जाऊन दीड महिना झाल्याच्या निमित्ताने हे लिहितो आहे. संतापाने लिहितो आहे. नारायणाने क्षमा करावी.

चौबे कॉलोनीतल्या घरी सकाळची पूजा आटोपत होतो, तेव्हा फोन आला. दूर बेटावर, जिथे ती प्रवाळांचा अभ्यास करीत होती, तिथे तापाने तिला नेले... वय अवघे एकेचाळीस.

समुद्रापासून इतक्या लांब वाढलेली ही मुलगी सुट्टीत आली की मला समुद्र शिकवी. एकदा म्हणाली, "काका, प्रवाळ उपासकरू असते. निर्मळ, जवळजवळ रिकाम्या पाण्यातच जगते. आपलं सांडपाणी, शेतातलं खत तिथं पोचलं की ते खाऊन शैवाल माजते, प्रवाळावर पसरते, त्याचं ऊन अडवते. नव्या पिलाले टेकाले जागा उरत नाही. अन् शैवाल चरणारे मासे तर आपणच धरून नेलेले."

"पण अन्नाने कोणाचे वाईट होते काय?"

"तुमाले एकादशीले कोणी जबरदस्ती भजे चारले तर?" ती हसली.

तरीही पंच्याहत्तरीला मी आमच्या तळ्यातल्या माशांना पोतेभर पिठाच्या गोळ्या घातल्या. त्या तळ्यात आधीच सांडपाण्याच्या नाल्या उतरतात. पाणी हिरवेगार झाले, आणि मी त्याला देवाची कृपा समजलो. पुढे शैवाल कुजले आणि पाण्यातला प्राणवायू संपला. शरयूने काठाला लागलेले मेलेले मासे दाखवले. "काहून करता असं, काका?" मी तिलाच दटावले, "मले धर्म नको शिकवू."

तेराव्याला तलाव समितीचे अध्यक्ष आले. "पंडितजी, उद्या दीदीच्या नावानं पाच पोते आटा मासोळ्यांना टाकून राहिलो. फोटू बी लावतो."

"तिने जन्मभर हेच थांबवा म्हटले."

"अजी, ते समुंदरचं. हे तर आपलं तलाव हाय. पुण्याच्या कामाले नाही नका म्हणू."

दुसऱ्या दिवशी घाटावर पोती रचलेली होती आणि वर तिचे हार घातलेले छायाचित्र. आयुष्यात प्रथमच मी चारचौघांत ओरडलो, "जिचे एक अक्षर ऐकले नाही, तिच्याच नावाने हे पाणी मारता?" छायाचित्र काखेत घेतले, पोत्यांवर आसन टाकले आणि जपाला बसलो. अन्नावर बसणे पाप आहे. ते मी जाणून केले. जपाला बसलेल्या म्हाताऱ्याला उठवण्याची कोणाची छाती झाली नाही. सूर्य माथ्यावर आला. अखेर अध्यक्ष पुटपुटले, "उचला बे, भंडाऱ्याच्या जेवणाले लावू."

पोती गेली. नाल्या मात्र अजून तशाच उतरतात, आणि माझा राग शमत नाही. त्यातला मोठा वाटा माझ्यावरच आहे.

तिच्या खोलीत पाण्यात घालायचा चष्मा खिळ्याला टांगलेला आहे. कडांवर समुद्राचे मीठ पांढरे साचले आहे. मी ते कोणाला पुसू देत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी कोणीही उपाशी न निजो. आणि तुमच्या गावच्या पाण्याला त्याचा उपास लाभो.