वेल्डिंगची काच

कपाट आवरताना वडिलांच्या वेल्डिंगची काळी काच हाती लागली, अन् मुकुंदवाडीचं आमचं अंगण आठवलं. कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर कुठं मिळेना, म्हणून मी हीच काच रबरानं लेन्सपुढं बांधली होती. उजेड इतका कमी व्हायचा, की भर दुपारी शटर चार मिनिटं उघडं ठेवावं लागायचं.

त्या दिवशी वडील, म्हणजे अण्णा, बाजेवर न हलता बसले. आई झाडत होती, पाण्याच्या खेपा करत होती. तिला थांब म्हणावं, हे मला सुचलंच नाही.

फोटो हिरवट आला, पण अण्णा स्पष्ट दिसत होते. आईनं पदराला हात पुसत पाहिलं. "अन् मी कुठंय रं?"

"हलणारं माणूस त्यात येतच नाय," मी खुशीत म्हणालो. प्रयोग जमला होता.

"मंग बसते की मी बी. काढ एक."

"बॅटरी संपली. उद्या काढू."

बॅटरी संपली नव्हती. मला कंटाळा आला होता.

ती गेली तेव्हा हार घालायला रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात चेहरा नीट ओळखूही येत नाही.

तो हिरवट फोटो अजून आहे. अंगण लख्ख झाडलेलं, हंडे काठोकाठ भरलेले. झाडणारी कुठंच नाही.