कुमुदताईंनी वाचवलेली हिरवी खुर्ची

कुमुदताई सबनीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या जेवणाच्या टेबलाखाली आडव्या पडल्या होत्या. ऑकलंडजवळच्या पापाकुरातल्या आमच्या नव्या घरी सत्यनारायण होता, माणसं प्रसादाला येत होती, आणि पैठणी नेसलेल्या एक बाई चक्क जमिनीवर! मी फार्मसिस्ट. चक्कर आली असणार म्हणून ग्लुकोजचं पाणी घेऊन धावले. टेबलाखालून आवाज आला, "पाणी नको गं, टॉर्च आहे का?" ते टेबल मी ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या सामानाच्या धर्मादाय दुकानातून, 'अँटिक' म्हणून आणलं होतं आणि आल्यागेल्याला मिरवत होते. ताई उठल्या, निऱ्या झटकल्या आणि म्हणाल्या, "टेबल छान आहे. पण वय वाढवून सांगतंय." मला रागही आला आणि हसूही. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे, आणि त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहायचा मान माझा आहे असं मी आमच्या मराठी मंडळाला ठणकावून सांगितलं.

ताईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात झाली, आधी पुण्यात आणि मग ऑकलंडमध्ये. माणसांच्या आतलं बघता बघता त्या लाकडाच्या आतलं कधी बघायला लागल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही. इथे जुनं फर्निचर म्हटलं की सगळे इंग्लंडकडे बघतात. ताई अमेरिकेकडे बघत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोनेकशे वर्षांपूर्वी देवमाशांच्या शिकारीसाठी अमेरिकन जहाजं या देशाच्या उत्तर किनाऱ्याला लागायची, इथून बटाटे आणि मांस घेऊन जायची. मग बदल्यात कुणी जहाजावरची एखादी खुर्ची उतरवली नसेल कशावरून? पण नुसत्या 'कशावरून'नं भागत नाही, पुरावा लागतो, आणि तो ताईंकडे नव्हता. तज्ज्ञ मंडळी गोड हसून विषय बदलायची.

ताई मात्र सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरत राहिल्या. गाडी चालवायचे त्यांचे यजमान वसंतराव. "लोकांच्या बायका नवऱ्याला दागिने बघायला नेतात, ही मला खुर्चीचे पाय बघायला नेते," ही त्यांची कायमची तक्रार. आणि चहाचा थर्मास घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत बसणारेही तेच! कधीकधी मीही मागच्या सीटवर असायचे. ताई शिकवायच्या, "दर्शनी बाजूला भुलायचं नाही, ती सगळेच नटवतात. पाठ बघ, पोट बघ." खुर्चीचे कातीव, म्हणजे लेथवर गोल केलेले, पाय डोळे मिटून चाचपायला लावायच्या. लाकूड वर्षानुवर्षं एका अंगानं आक्रसतं, त्यामुळे जुना गोल पाय हळूहळू लंबगोल होतो. अजून गरगरीत गोल लागला, तर खुशाल समजावं की पाहुणा नवीन आहे.

ताईंना खोटं बोलता येत नाही, आणि याचा मला एकदा फार धाक पडला होता. पेनरोज भागातल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गोऱ्या आजोबांनी आजीची झुलती खुर्ची दाखवायला बोलावलं. आजीनं ती अमेरिकेहून आणली असं घरात सगळे सांगत आलेले. ताईंनी खुर्ची उलटी केली आणि मला लगेच कळलं, नाही. मी मराठीत कुजबुजले, "म्हणा ना हो अमेरिकन, आपलं काय जातंय?" ताईंनी माझ्याकडे डोळे वटारले. आजोबांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, ही इथलीच आहे, आणि बरीच नंतरची. म्हातारबुवांचा चेहरा पडला. मग ताईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तळवा फिरवला आणि विचारलं, "तुमची आजी डावखुरी होती का?" आजोबा पुढे सरकले. "होती. तुम्हाला कुणी सांगितलं?" डावा हात जास्त झिजलाय, ताई म्हणाल्या. त्यानंतर तासभर आम्हाला आजीच्याच गोष्टी ऐकायला मिळाल्या, आणि निघताना आजोबांनी घरची लिंबं पिशवी भरून दिली.

आता त्या खुर्चीकडे येते. मंडळाचा गणपती ज्या भाड्याच्या हॉलमध्ये बसतो, तिथल्या अडगळीच्या खोलीत एक खुर्ची पडून होती. पाठीला बारीक दांड्या, पाय फाकलेले, अंगावर रंगाचे कितीतरी थर. सजावट समितीचे आमचे मिलिंदराव खूश! सोनेरी स्प्रे आणि पॉलिश पेपर घेऊन तयारच होते, आणि इथलं इंग्रजी फेकायची हौस होतीच. "हीप्स ऑफ पेंट आहे, ढीगभर! बाप्पाला सिंहासन, स्वीट ॲज, एकदम झकास!" तेवढ्यात ताई मोदक घेऊन आल्या. डबा माझ्या हातात दिला, खुर्ची उलटी केली, पायांवरून बोटं फिरवली, नखानं रंगाचा पोपडा काढला. खाली जुना हिरवा रंग दिसला. त्यांनी खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर ठाण मांडून बसल्या.

"मिलिंद, आधी माझ्यावर स्प्रे मार, मग खुर्चीला हात लाव."

"अहो ताई, बाप्पा उद्या येतायत!"

"येऊ देत की. बाप्पाला पाटसुद्धा चालतो."

त्या वर्षी बाप्पा पाटावरच बसले, आणि तक्रार केली नाही.

खुर्ची अमेरिकन आहे, असं ताईंचं ठाम मत होतं. जुन्या फर्निचरची पारख करणाऱ्या एका नामांकित मूल्यमापकांनी मात्र फोटो बघून निकाल दिला, खुर्ची इंग्लिश आहे. जुन्या वस्तूंच्या अभ्यासकांच्या सभेत, भरल्या खोलीत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाकूड तपासू या. अमेरिकन निघालं नाही, तर मी हा विषय कायमचा सोडते." अर्ध्या आयुष्याचं काम या बाईंनी एका खुर्चीवर लावलं होतं! घरी वसंतरावांचा पारा चढला. "अगं, पैज कशाला मारायची?" ताई म्हणाल्या, "मलाच कळायला नको का?"

हॉलवाल्यांच्या परवानगीनं खुर्चीच्या तीन ठिकाणच्या बारीक ढलप्या घेऊन आम्ही पामर्स्टन नॉर्थला गेलो. तिथल्या लाकूडतज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकावर डोळा लावला. बैठक पाइनची, पाय मेपलचे. पाठीच्या दांडीला ते थांबले. ताईंनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

"हिकरी," ते म्हणाले. "हे झाड इंग्लंडचं नाही. अमेरिकेचं. आणि ही तिन्ही लाकडं एका खुर्चीत तिकडचेच कारागीर घालत."

"परत बघा," ताई म्हणाल्या.

त्यांनी परत बघितलं. "हिकरीच."

ताईंनी त्यांचे आभार मानले, पर्स उचलली, शांतपणे बाहेर आल्या. कार पार्कमध्ये पोचल्यावर पर्स वसंतरावांच्या हातात कोंबली आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. "चल, फुगडी!" स्नीकर्स घालून, भर पार्किंगमध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंबरोबर मी फुगडी घातली. वसंतराव "गुडघे, गुडघे!" ओरडत होते आणि रुमालानं डोळेही पुसत होते. मी तर रडतच होते.

हॉलवाल्यांनी ती खुर्ची उत्तरेकडच्या एका लहान संग्रहालयाला दिली. तिथे ती मांडली गेली त्या दिवशी ते मूल्यमापक स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिसेस सबनीस, मी चुकलो." मोठा माणूस. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "एक खुर्ची म्हणजे योगायोग, असं उद्या कुणीही म्हणेल. तुमची नजर चांगली आहे. दुसरी शोधायला याल का माझ्याबरोबर?" ते हो म्हणाले!

तेव्हा मंडळी, पंचाहत्तरी झाली म्हणून ताईंना शाल पांघरून कोचावर बसवायचा विचार कुणी करू नये. गणरायानं त्यांना भरपूर वर्षं द्यावीत, धडधाकट द्यावीत, आणि वसंतरावांचं लायसन्स शाबूत ठेवावं. ताई, दुसरी खुर्ची कुठेतरी वाट बघते आहे. निघू या, मी थर्मास भरलाय.